दातांच्या नावाखाली

दर बुधवारी दुपारी तुळसा दातांच्या नावाखाली रत्नागिरीला जाई. दात तिचे सगळे धडधाकट होते. खरं दुखणं सांगण्यासारखं नव्हतं. एकाएकी छातीत धडधड सुरू व्हायची, हातपाय गार पडायचे, आणि दाराला कडी घातली की नाही ते बघायला ती अर्ध्या वाटेवरून घराकडे पळायची. नवरा मुंबईला गिरणीत, त्याला कळवून काय होणार? सासू बिचारी लवंगेचं तेल काढून ठेवी, आणि एवढ्या फेऱ्यांनंतर सुनेच्या तोंडात दात उरलेत तरी किती, याचं तिला कोडं पडे.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत पुण्याच्या डॉक्टरीणबाई अशा माणसांना सतरंजीवर गोल बसवत. मनात खुपतंय ते एकेकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि इथलं बाहेर न्यायचं नाही, एवढाच नियम. असले नियम पुण्याच्या माणसालाच सुचावेत. इकडे दोन अनोळखी बायका एसटीत शेजारी बसल्या, तर पुढचा थांबा येईपर्यंत त्यांचं नातं निघतं. म्हणून तुळसाने तिथे माहेरचं नाव सांगितलं होतं. सासरी ती दमयंती होती. पाळी आली की "मी नुसती आयकतंय" एवढं बोलून ती मोकळी व्हायची. लेकीचं, राहीचं, लग्न ठरत आलं होतं. आईचं डोकं फिरलंय असा बोभाटा झाला, तर पोरीला कोण पदरात घेणार?

त्या बुधवारी दारातून एक नवी बाई खाली मान घालून आत आली, आणि तुळसाने तिला लगेच ओळखलं. त्या सावित्रीबाई होत्या, राहीच्या होणाऱ्या सासूबाई. रविवारी त्यांच्याच घरी सुपारी फुटायची होती.

तुळसाने पदर नाकापर्यंत ओढला. उठून जावं, तर सावित्रीबाई नेमक्या दाराशी बसलेल्या. सतरंजीची दशी तिने बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर सावित्रीबाई सतरंजीकडे बघतच बोलू लागल्या. "घरधनी गेल्यापासून मना झोप न्हाय. गोठ्यात जाऊन रडतंय. आता सून येनार. तिना बघितलान तर म्हायेरी सांगेल. माजी ईनबाई, सुनेची आई, एवढी शांत बाई. तिला मी काय तोंड दाखवू?"

अशा घरात पोर द्यायची? तुळसाच्या मनात पहिला विचार आला तो हाच. आणि लगेच तिला आपलीच शरम वाटली. लोक आपल्याविषयी जे म्हणतील म्हणून ती इतके दिवस भीत होती, तेच ती या बाईविषयी म्हणत होती, आणि तेही तिचं बोलणं पुरतं संपायच्या आत.

"तुळसाबाई, आज तुम्ही काही बोलणार?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

नेहमीचं वाक्य ओठांवर आलं होतं. छाती धडधडत होती, तळवे गार पडले होते. तिने पदर मागे सारला.

"ती ईनबाई मीच," ती म्हणाली. "शांतबिंत काय न्हाय. दाराची कडी बगून बगून माजा जीव जातो."

सावित्रीबाईंनी मान वर केली. डोळे पुसले, आणि मग हळूच विचारलं, "मग तुमचे दात?"

"दातांना काय झालाय?"

"तुमच्या सासूबाईंनी बाजारात सांगितलानी, बरेचसे काढले म्हणून. मी रविवारला तुमच्यासाठी निराळा मऊ भात सांगून ठेवलाय."

तुळसाला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. सतरंजीवरून सरकत ती सावित्रीबाईंच्या शेजारी जाऊन बसली.

"तो असू द्या," ती म्हणाली. "सासू येनार हाय. तिच्यासमोर मना मऊ भातच वाढा."