न बघता लावलेले फर्मे

बाबा बाइंडर आहेत. वाचनालयात आलेलं नवं पुस्तक लोकांच्या हाती पडण्याआधी आमच्या घरी येतं. बाबा त्याचं कव्हर काढतात, सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करतात, दोऱ्याने पुन्हा शिवतात आणि वर जाड पुठ्ठा चढवतात. त्यामुळे ‘काजळनगरी’चा दुसरा भाग सगळ्यांच्या आधी माझ्या धाकट्या बहिणीला मिळाला. पहिला भाग तिने जितक्यांदा वाचला तितक्यांदा भूगोल वाचला असता, तर शाळेने तिचा सत्कार केला असता. दोन वर्षं ती या पुस्तकाकडे डोळे लावून बसली होती.

आता ती तोंड पाडून पलंगावर बसली होती.

मी तक्रार ऐकून घेतली. राजपुत्र पुलावर मरतो. छातीत तलवार, राजकन्येचा आक्रोश, सगळं साग्रसंगीत. पुढच्याच पानावर तो सूप थंड आहे म्हणून आचाऱ्यावर डाफरतो. मग उडता लांडगा पहिल्यांदा बोलायला शिकतो. आदल्या प्रकरणात तो राज्यकारभारावर भाषण देऊन बसलेला असतो. आधी तिला वाटलं, लेखिका थोर आहे, आपणच कमी पडतोय. म्हणून तिने पुन्हा वाचलं. मग वाटलं, लेखिकेचं डोकं फिरलंय.

मी पुस्तक चाळलं. पान शहाण्णवनंतर थेट एकशे तेरा. पानांचे आकडे दिसले नाहीत का, असं मी विचारलं.

“दिसले की. मला वाटलं, तिने काळ उलटा केलाय. ताई, आम्ही साहित्य वाचतो, तुझ्यासारखे आकडे नाही.”

फर्मे कोणी लावले होते, या प्रश्नावर मात्र साहित्याने उशीत तोंड खुपसलं. तिनेच लावले होते. लावताना एखादी ओळ डोळ्यांत शिरून शेवट कळू नये म्हणून बाईसाहेबांनी डोळे मिटून काम केलं. दोन फर्मे खाली पडले, तेही चाचपडत उचलून रचले. बाबांनी लेकीवर विश्वास ठेवून शिवून टाकले. रहस्य टिकलं, यात वादच नाही.

दोष लेखिकेचा नाही म्हटल्यावर तिची कळी खुलली. आमच्याकडे नियम आहे: ज्याची चूक, त्यानेच उसवायचं. बाबा रागावले नाहीत, म्हणजे जास्तच रागावले होते. त्यांनी नुसतं पातं तिच्या हातात दिलं. तिने आनंदाने दोरा कापला, फर्मे नीट लावले आणि जमिनीवर बसून वाचायला लागली. हळूहळू चेहरा पुन्हा उतरला.

“आता सगळं समजतंय,” ती म्हणाली. “तो मरतच नाही. सूप पिऊन झोपतो आणि स्वप्नात मरतो.”

“मग वाचला ना बिचारा?”

“मी त्याच्यासाठी दोनदा रडले, ताई. चुकीचं लावलेलं तेव्हा निदान काहीतरी घडत तरी होतं.”

तसंच उलटसुलट शिवून देऊ का, असं तिने बाबांना खरोखर विचारलं. लोकांचं भलं होईल म्हणाली.

“वाचनालय आपल्याकडे पुस्तकं बांधायला पाठवतं,” बाबा म्हणाले, “लिहायला नाही.”

मग ती निमूटपणे शिवायला बसली. सगळा राग दोऱ्यावर निघाला. एकेक टाका असा आवळला की पुठ्ठाही वचकून राहिला असता. बाबांनी पुस्तक हातात घेऊन कणा वाकवून पाहिला, पानं ओढून पाहिली. एवढं चांगलं काम तिने आजवर केलं नव्हतं.

“पन्नास वर्षं सुटायचं नाही,” ते म्हणाले.

“अरेरे,” ती म्हणाली.