मुऱ्हाळी

“पहिले पोरीस्ले बसू द्या रे. बाकीना बठ्ठा मांगे.”

दिपमाला आठ वर्षांची असताना शिंदखेड्याजवळच्या तिच्या गावात पहिली एसटी आली. गाडीच्या पायरीवर उभे राहून आमदार चुडामण आबा मुलींना आधी चढवायला गर्दीला अडवत होते. तो आवाज तिच्या कानातून कधी गेला नाही.

आता ती धुळ्याच्या कॉलेजात शिकवते. सात वेळा निवडून आलेले आबा यंदा निवृत्त होणार म्हणून त्यांच्या भाषणांचं पुस्तक करायचं काम तिच्याकडे आलं. विधानसभेच्या कामकाजाचे खंड चाळता चाळता ती थबकली. कापूस, धरणं, केळीचा विमा, सगळ्यांवर आबा बोलले होते. पण निवडून आल्यावरचा त्यांचा पहिला प्रश्न सातही वेळा एकाच गावाचा. टेंभुरखेडे, तालुका रावेर. आधी रस्ता, मग फरशीपूल, मग एसटी, मग एसटीच्या फेऱ्या.

“आबा, हे गाव तुमच्या मतदारसंघात नाही. जिल्ह्यातसुद्धा नाही.”

“लोकांच्या लेकी सगळीकडे नांदतात, पोरी,” आबा म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसला.

तेवढ्यावर स्वस्थ बसणारी दिपमाला नव्हे. रविवारी ती केळीच्या बागांमधून टेंभुरखेड्याला पोचली. आमदारांचं इथे कोण, असं विचारताच पारावरच्या म्हाताऱ्याने समोरच्या घराकडे बोट केलं.

भिकुबाई अक्का, आबांची थोरली बहीण. ऐंशी वर्षांची, वाळल्या खारकेसारखी.

“आखाजीले भाऊ लेवाले येस, तव्हय बहीन माहेरी जास,” अक्का सांगू लागल्या. एकेचाळीस वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ मुऱ्हाळी होऊन न्यायला येणार म्हणून त्या पेटी भरून ओट्यावर बसल्या होत्या. दिवस मावळताना निरोप आला, भाऊले ताप शे. मग त्याच्या तापासाठी त्यांनी पाच मंगळवार कडक उपास केले. पुढच्या वर्षापासून आखाजीला दारात जीप येऊ लागली. ड्रायव्हर यायचा, भाऊ यायचा नाही. अक्का पेटी भरायच्या आणि जीप रिकामी पाठवायच्या. पुढे एसटी आली, तरी त्या पायरी चढल्या नाहीत.

“यंदा बी पेटी भरी ठेवेल शे. आते किती आखाज्या राहिन्यात मन्या?” असं म्हणून त्या हलकेच गुणगुणल्या:

*गाडी उनी, गाडी गई, मी ते दारमाच उभी,*
*गाडीमा ना मना भाऊ, कसी चढू एकली मी.*

दिपमालाने परत येऊन आबांना दुसरं काही सांगितलं नाही, फक्त त्या दोन ओळी म्हणून दाखवल्या.

 आबा म्हणाले, “तिने उपास धरल्याचं कळलं, तेव्हापासून तिच्यासमोर जायची हिंमत झाली नाही.”

“का?”

आबांनी पुन्हा चष्मा काढून पुसायला घेतला.

आखाजीच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी जीप नाकारली. दिपमालाला सोबत घेऊन पहाटेची एसटी धरली आणि लोकप्रतिनिधींसाठी राखीव असलेल्या जागेवर जाऊन बसले.

“आजोबा, उठा. ती जागा आमदारांची आहे,” कंडक्टर म्हणाला.

“येतात का कधी?”

“कुठले. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत एकही बघितला नाही.”

“मग आज बघ,” म्हणत आबांनी ओळखपत्र काढलं. कंडक्टर गोरामोरा झाला, पण हसू गाडीभर पसरलं.

चोपड्याला गाडी बदलली, रावेरला पुन्हा बदलली. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा टेंभुरखेडं आलं. ओट्यावर पेटी होती. पेटीशेजारी अक्का.

“आमदारसाहेब, जीप कोठे शे?”

“एसटीमा उनू, अक्का. तुले लेवाले.”

अक्कांनी त्यांना डोक्यापासून वहाणांपर्यंत न्याहाळलं. “ताप उतरना का?”

दिपमाला हसणार होती. आबांचा चेहरा पाहून थांबली.  ते खाली, पायरीवर बसले.

“अक्का, त्या साली माले ताप नव्हता. धुयाले मोठी सभा व्हती, मी तठे गयथू. तुले लेवानं मी इसरी गयथू.”