हलकं मशीन

वेल्डरच्या डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपलं तर त्याला त्याचं काही वाटत नाही. 'आर्क लागली', म्हणजे वेल्डिंगचा झोत डोळ्यांना बाधला, म्हणायचं, बटाट्याच्या चकत्या पापण्यांवर ठेवून पडायचं आणि सकाळी परत कामावर. भांडुपच्या टेंभीपाड्यातला रतन गवई वीस वर्षं हेच करत आला होता. म्हणून कडेकडेचं दिसेनासं झालं तेव्हाही त्याने बटाटेच कापले. अहो, दोन वर्षं! बायको, जया, म्हणायची, एकदा दाखवून तरी या. तो म्हणायचा, "तुला काय कळतं गं वेल्डिंगमधलं?" शेवटी दाखवलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा काचबिंदू आहे, आर्कचा काही संबंध नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. एवढा हाताचा कारागीर, आणि स्वतःच्या डोळ्यांची अशी माती केली. राग येईल नाही तर काय! जयालाही आला होता. पण आता समोरचं माणूसही ज्याला सावलीसारखं दिसतं, त्याच्यावर रागावून करणार काय?

रतन ज्या गाळ्यात कामाला होता तिथे मालकाने दुसरा माणूस ठेवला. जया दोन घरची भांडी घासत होती, त्यात भागेना. विहाराच्या फळ्यावर तिने वाचलं की विक्रोळीला बायकांसाठी वेल्डिंगचा वर्ग आहे, तीन महिन्यांचा. ती गेली. गल्लीतले लोक हसले. रतन नाही हसला. ती आली की रोज विचारायचा, "आज रॉड किती वेळा चिकटला?" मग तिला समोर बसवून आवाज शिकवायचा. वेल्डिंग डोळ्यांनी नंतर बघायची, आधी कानांनी ऐकायची, असं त्याचं म्हणणं. कढईत भजी एका लयीत तळतात ना, तसा आवाज आला की समजायचं बरोबर चाललंय. फटफट वाजलं तर रॉड लांब गेला, घुसमटलं तर दाबला. तोंडाने तसे आवाज काढून दाखवायचा. त्या तीन महिन्यांत तो जेवढा बोलला तेवढा डोळे गेल्यापासून बोलला नव्हता.

वर्ग संपला आणि आता मशीन घ्यायचं होतं. काम होतं टेकडीवरच्या घरांचं: खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे, मोडलेली दारं. लोकांच्या दारात जाऊनच करायचं. एकच मशीन घेण्याची ऐपत होती. निवड चुकली तर परत भांडी, आणि मग तीच कायमची.

रविवारी दोघं घाटकोपरला हर्षदशेठच्या दुकानात गेले. रतन त्यांचं जुनं गिऱ्हाईक. शेठनी दोन मशीनं पुढे ठेवली आणि सगळं रतनलाच समजावून सांगू लागले, जणू जया नुसती पिशवी धरायला आली होती. एक होतं जुन्या पद्धतीचं, तांब्याच्या वाइंडिंगचं, उचलायला दोन माणसं लागणारं. दुसरं नव्या इन्व्हर्टर पद्धतीचं, हलकं, पट्ट्याने खांद्याला अडकवून नेण्यासारखं.

"आम्ही जडवालं घेणार," रतन म्हणाला. "लोखंडाचं काम आहे. हे खेळणं काय करायचं?"

"पण रतनभाऊ, घरच्या मीटरवर ते लावलं तर अख्ख्या चाळीचे दिवे मिणमिणतील."

"मिणमिणू देत."

"आधी मी दोन्हींवर मारून बघते," जया म्हणाली.

शेठनी मागच्या अंगणात पत्र्याचे तुकडे काढून दिले. रतन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. प्रकाशाचा झोत त्याला अजून टोचायचा. जयाने हेल्मेट खाली ओढलं आणि आधी जडावर रॉड लावला. चिकटला. सोडवला, परत चिकटला. कशीबशी एक लाइन झाली, तीही गाठी गाठींची. मग हलक्यावर. रॉड टेकताच पेटला, आणि तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं: भजी! अगदी तीच, एका लयीत. तिने हेल्मेट वर केलं. "ऐकलंत ना? कुठलं बरं वाटलं?"

"पहिलं," रतन म्हणाला.

जया बघतच राहिली. एका सांध्यापायी या माणसाने तयार गेट परत कापलं होतं, मालक ओरडत असताना. जोडकामाबद्दल तो कधी कुणाशी खोटं बोलला नव्हता.

"शेठ, जरा चहा सांगता का?" ती म्हणाली. शेठ समजून आत गेले. मग ती नवऱ्यापाशी गेली. "तुम्ही खोटं बोललात."

तो भिंतीच्या आणखी जवळ सरकला.

"मला ऐकता येतं ते तुम्हीच शिकवलंय. पहिल्यात रॉड घुसमटत होता, मला ऐकू आलं, आणि तुम्हाला नाही आलं? का बोललात असं?"

रतनने भिंतीवर हात ठेवला. "हलकं घेतलंस तर खांद्याला लावशील आणि निघून जाशील," तो म्हणाला. "मी काय करू घरात दिवसभर? जडवालं असलं तर एका बाजूने धरायला तरी मी लागेन ना, जया."

क्षणभर जयाला वाटलं, घ्यावं जडच. रोज दोघांनी धरून न्यावं टेकडीवर, दिवे जाऊ देत, गाठी पडू देत. पण दुसऱ्याच क्षणी तिला राग आला. दोन वर्षांचा सगळा राग होता तो.

"उचलायला हमाल मिळतो हो," ती म्हणाली. "नाक्यावर मिळतो. माझं काम कुठे चुकलं ते तोंडावर सांगणारं माणूस मी कुठून आणू? उद्या कुणाचं पोर कठड्याला रेलून उभं राहील. तो सांधा मी भरणार, आणि तुम्ही मला छान झाला म्हणून सांगणार? मग नकोच तुम्ही. बसा घरी."

बोलून गेली, आणि तिचं तिलाच रडू फुटलं. तिने पदराने तोंड पुसलं. आतून शेठ चहा घेऊन आले, आणि दोघांकडे बघून दारातच थांबले.

रतन भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाला, "हलक्यावरची लाइन चांगली आहे. पण शेवटाला हात घाईने उचललास. तिथे खड्डा राहिलाय."

जयाने हातोडीने वरची जळकी खपली झाडली आणि तुकडा उजेडाकडे धरला. लाइन सरळ होती, भरीव होती. शेवटाला तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा होता. तिला तो दिसलाच नव्हता.

"आहे," ती म्हणाली.

"मग परत मार," रतन म्हणाला. "या वेळी सावकाश उचल. मी ऐकतोय."