उजवं चाक

ही गोष्ट १९८१ सालची. त्या वर्षी दोघा भावांतल्या थोरल्याचा हात मोडला आणि शर्यतीच्या गाडीत त्याच्या जागी त्याची बायको बसू लागली. ती जागा खरं तर धाकट्याला हवी होती. गाडीचं सगळं कामही तोच करायचा. पण सासऱ्यांनी दीर-भावजयीला घड्याळ लावून गाडी पळवायला लावली आणि सून दोन सेकंदांनी पुढे निघाली. त्या दिवसापासून दिरानं वहिनीशी बोलणं टाकलं.

नेमकं तेव्हापासूनच गाडीचं चाक उचललं जाऊ लागलं. डावीकडे वळताना काही नाही. उजवीकडे जोरात वळवली, की मागचं उजवं चाक वीतभर हवेत; तिथेच गरगर फिरायचं आणि इंजिनाचा जोर वाया जायचा. सासऱ्यांनी सांगून टाकलं, शनिवारच्या सरावात गाडी नीट वळली नाही तर रविवारच्या शर्यतीत धाकटा चालवेल.

तिच्या मनात पाल चुकचुकली. एकाच बाजूचं चाक कसं उचललं जातं? नवरा म्हणाला, धाकटा मुद्दाम असलं काही करणार नाही. सख्ख्या भावाबद्दल दुसरं काय म्हणणार? गाडी वळताना कलू नये म्हणून मागच्या दोन चाकांना एक पोलादी दांडा जोडलेला असतो. कुणी नट फिरवला तर कळावं म्हणून तिनं गुपचूप नटांवरून दांड्यापर्यंत नखांच्या लाल रंगानं रेघ ओढली. गुरुवारी पाहिलं, तर उजव्या नटावरची रेघ तुटलेली. त्या रात्री जेवताना ती दिराच्या हातांकडेच बघत राहिली.

शुक्रवारी दुपारी ती न सांगता गॅरेजमध्ये गेली. गाडी सपाट फरशीवर उभी. चालकाच्या जागेवर सासरे, पोटाला स्टिअरिंग टेकलेलं, वर्तमानपत्र वाचत बसलेले. गाडीखालून दिराचे नुसते पाय दिसत होते.

"मामंजी, तुम्ही इथे काय करताय?"

"वजन," ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "दांडा जोडताना चालवणाऱ्याच्या जागी माणूस लागतो ना. महिनाभर हा मलाच बसवतोय."

सासरे शंभर किलोचे. ती पन्नासाला दोन कमी. त्यांच्या भारानं उजवी बाजू दबलेली असताना दीर दांडा बेतून घट्ट करायचा. मग ती बसली, की ती बाजू वर यायची, दांडा पिळला जायचा आणि उजवं चाक वळणाआधीच हलकं व्हायचं. चाक उचललं गेलं की पुन्हा नट सैल, पुन्हा बाप जागेवर.

"भावजी, मला का नाही बोलावलंत?"

पाय हलले नाहीत. "बोलवायचं म्हणजे तुमच्याशी बोलावं लागलं असतं."

"गाढवा, मी दिला असता की निरोप," सासरे म्हणाले आणि कण्हत उतरले.

ती बसली. दिरानं दोन्हीकडचे नट सोडवून पुन्हा आवळले. तरी संशय एका दुपारी थोडाच जातो? तिनं नवऱ्याला बोलावून, वाकून एकेक नट बघायला लावला. दीर हात पुसत बाजूला उभा राहिला.

शनिवारी उजव्या वळणांवर चाक जमीन धरून राहिलं. रविवारी ती चौथी आली.

सासरे तीन वर्षांनी गेले. थोरल्याचा हात पुरता कधी सुधारला नाही. त्यानं टायरचं दुकान टाकलं आणि ते चांगलं चाललं. ती अकरा वर्षं गाडी चालवत राहिली, मग गुडघ्यांनी नकार दिला. दिरानं दुसऱ्या गावी स्वतःचं गॅरेज काढलं. तो अजून दर रविवारी वहिनीला फोन करतो. बोलतो फारसं नाही.