ब्रेकवरचा पाय

जगदेव वारल्यावर त्याच्या बायकोनं, चतुराबाईनं, शिरपूरच्या हबीब मिस्त्रीकडून जुन्या ट्रॅक्टरचे बल्ब काढून एलईडी बसवले. चावी काढली, तरी मागचा ब्रेकलाइट मंद लाल जळतच राहिला.

"वायरीतून जरासा करंट गळून राह्यला, मावशी. जुन्या बल्बले तेवढा पुरत नव्हता, एलईडीले पुरते."

"म्हंजे हे आधीपासूनच ब्रेक दाबून बसले हायेत!" चतुराबाई रिकाम्या सीटकडे पाहून म्हणाली. "राहू दे तसंच. इथं उतार हाये, अन् हँडब्रेक मोडेल हाये."

हबीबनं हसून वायर तोडली. लाल उजेड विझला आणि ट्रॅक्टर विहिरीकडे गडगडत निघाला.

"अवो, दाबा!" चतुराबाई ओरडली.

खोटं वाटेल, पण तुटल्या वायरीचा लाइट भक्कन पेटला आणि ट्रॅक्टर काठाशी थांबला. हबीबनं गुपचूप वायर जोडली अन् रिकाम्या सीटला सलाम केला.