फेस लावला की बोलायचं नाही

मित्रांनो, खुर्ची म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लगेच एखादा पुढारी उभा राहील, तिच्यासाठी जिवाचं रान करणारा. तशी खुर्ची मी नव्हे. मी केस कापायच्या दुकानातली एक जुनी खुर्ची आहे. माझ्यावर बसायला निवडून यावं लागत नाही, फक्त नंबर लावावा लागतो.

माझा जन्म एका भट्टीजवळ झाला. ओताऱ्याने वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, थंड झाल्यावर घासूनपुसून त्यावर पांढरा मुलामा चढवला. मग मला मान टेकायची गादी, पाय ठेवायची जाळी आणि खाली-वर करायचा दांडा मिळाला. मला गाडीत चढवताना चार हमालांना घाम फुटला, तेव्हा ओतारी हसून म्हणाला होता, की ही एकदा जिथे बसेल तिथून हलायची नाही. मला ते ऐकून फार बरं वाटलं होतं. पुढे एक दिवस हे त्याचे शब्द खोटे ठरायची वेळ आली, त्याचीच ही गोष्ट आहे.

मला विकत घेणाऱ्या माणसाला सगळे कात्रीकाका म्हणत. त्यांचं दुकान चढाच्या पायथ्याशी, अगदी वळणावर होतं. वर चढावर एक प्रार्थनाघर होतं आणि खाली तळ्याकाठी दुसरं. चढावरची माणसं प्रार्थनेला गुळगुळीत दाढी करून जात, तळ्याकाठची माणसं दाढी राखत. त्यामुळे कोण कुठला हे लांबूनही कळे. कात्रीकाका स्वतः तळ्याकाठचे, पण रोज दाढी करायची गरज चढावरच्यांना, म्हणून त्यांचं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक वरचं होतं. देव कुणाचा का असेना, केस सगळ्यांचे वाढतात, असं ते म्हणत आणि स्वतःच्याच विनोदावर सगळ्यांत आधी हसत.

लहान मुलांसाठी काका माझ्या दोन्ही हातांवर एक फळी आडवी टाकत. त्या फळीवर या गावातली दोन पिढ्यांची पोरं रडली आहेत. त्यातला चढावरचा एक मला चांगला आठवतो. त्याला त्याचा मोठा भाऊ घेऊन यायचा. कात्री जवळ आली की हा भोकाड पसरायचा, आणि भाऊ समोर उकिडवा बसून त्याचे दोन्ही हात धरून ठेवायचा. मोठेपणी हा पोरगा गवंडी झाला आणि त्याचा दादा लाकडाच्या वखारीत कामाला लागला. दोघंही दाढीला इथेच येत.

दुकानाचा नियम एकच होता. फेस लावला की बोलायचं नाही. एकदा एका व्यापाऱ्याने भांडणाच्या भरात मान वळवली आणि गालावर वस्तरा लागला, तेव्हापासून हा नियम झाला. बाकावर बसलेल्याने हवं ते बोलावं, माझ्यावर बसलेल्याने गप्प राहून ऐकावं, आणि मग दोघांनी जागा बदलाव्यात.

या नियमाचा खरा फायदा घेतला तो दोन म्हाताऱ्यांनी. चढावरच्या प्रार्थनाघराचे गुरुजी दाढीला येत आणि तळ्याकाठचे बाबा दाढीची टोकं सारखी करून गालावरची कड वस्तऱ्याने कोरून घ्यायला. दोघांचं एका गोष्टीवर एकमत होईल तर शपथ. पण एकाच्या तोंडाला फेस असल्याने दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घेण्यावाचून इलाज नसे. ते एकमेकांशी आरशातून बोलत. एकदा गुरुजींनी विचारलं, की देवाला ऐकू येतं म्हणता, मग तळ्याकाठी प्रार्थना एवढ्या मोठ्याने कशाला? बाबा माझ्यावर बसले होते, म्हणून त्यांना उत्तर देता आलं नाही. त्यांनी ते फेसाखाली घोळवत ठेवलं आणि उठल्यावर म्हणाले, "देवासाठी नाही हो. शेजारी बसलेल्याला आपण एकटे नाही हे कळावं म्हणून." गुरुजी माझ्यावर येऊन बसले आणि त्यांनी स्वतःच फेसासाठी गाल पुढे केला.

त्यांचा सगळ्यांत जुना वाद माफीचा. गुरुजींचं म्हणणं, समोरच्याने मागायच्या आधीच माफ करून टाकावं. बाबांचं म्हणणं, चुकलेल्या माणसाने आधी दारात यायला हवं, नाहीतर त्या माफीला काही किंमत राहत नाही. हा वाद कधीच मिटला नाही. मला तर वाटतं तो मिटू नये म्हणून दोघंही काळजी घेत होते.

मग वखारीला आग लागली. कशी लागली ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही. गवंड्याच्या दादाचे दोन्ही हात भाजले. संध्याकाळपर्यंत चढावर बातमी पसरली, की हे काम तळ्याकाठच्यांचं. दुसऱ्या दिवशी गवंडी आपल्या मित्रांना घेऊन आमच्या दारात हाताची घडी घालून उभा राहिला. तो काकांना काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. चढावरचं कुणी आलं की सांगायचा, इथे बसायचं नाही, बाजाराच्या त्या टोकाला दुसरं दुकान आहे तिथे जा. गिऱ्हाईक तुटलं की कात्रीकाका आपण होऊन गाव सोडतील, असा त्याचा हिशेब होता.

नेहमीच्या वेळी गुरुजी आले. गवंड्याने मान खाली घातली, पण तो वाटेतून हलला नाही. म्हणाला, "गुरुजी, तुम्ही त्या दुकानात जा."

"माझा नंबर इथे आहे," गुरुजी म्हणाले आणि दुकानाच्या पायरीवर बसले.

ते संध्याकाळपर्यंत बसले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. त्यांनी कुणाला ढकललं नाही, कुणाला शिव्या दिल्या नाहीत, आणि घरीही वस्तरा हातात घेतला नाही. वाढलेल्या खुंटांसह त्यांनी प्रार्थना चालवली, तेव्हा वर बरीच कुजबुज झाली म्हणे. पण हळूहळू आणखी काहीजण त्यांच्याशेजारी येऊन बसू लागले. ठरलं एवढंच, की हे दार उघडेपर्यंत डोक्याला आणि गालाला दुसरीकडे कुठेच कात्री लावायची नाही.

तळ्याकाठच्यांना आत यायला मोकळीक होती. पण बाबा आले, पायरीवर बसलेल्या गुरुजींकडे पाहिलं आणि आत न येता त्यांच्याशेजारी टेकले. सगळे आत जातील तेव्हा आम्हीही आत जाऊ, असं त्यांनी गवंड्याला शांतपणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठचा शिंपी आला. त्याच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता आणि हनुवटीवर दाढीचे चार तुरळक धागे होते. गवंड्याच्या एका मित्राने विचारलं, तुझं काय कापायचंय? शिंपी म्हणाला, "मी रांगेत आहे. उगवतील तेव्हा उगवतील." ज्याने विचारलं तोही हसला, आणि मग हसलो म्हणून रागावला.

मी मात्र आत रिकामी होते. काका रोज सकाळी मला पुसत, वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर ओढत आणि बाकावर बसून राहत. मित्रांनो, पाठीला पाठ लागली नाही तर खुर्चीला काय वाटतं ते मी तुम्हाला कसं सांगू? फार वाईट वाटतं.

दिवस गेले तसे पायरीवरचे सगळेच जंगली दिसू लागले. चढावरच्यांच्या दाढ्या वाढल्या, तळ्याकाठच्यांच्या सुटल्या, केस कानांवर आले. कोण कुठला हे आता लांबूनच काय, जवळूनही कळेना. बायका नवऱ्यांना घरात घ्यायला कुरकुर करत. माझ्या आरशातून मला नुसती एक पिंजारलेली रांग दिसे.

आणि त्यातूनच ती गोष्ट घडली. गवंड्याच्या मदतीला परगावचे काही मित्र आले होते. तो वर गेला असताना त्यांनी पायरीवर शेजारी शेजारी बसलेल्या गुरुजींना आणि शिंप्याला दरडावून विचारलं, की तुम्ही चढावरचे की तळ्याकाठचे? शिंप्याने मान खाली घातली. गुरुजी म्हणाले, "आम्ही दोघं रांगेतले."

त्यांना तो उद्धटपणा वाटला. एकाने गुरुजींची गचांडी धरून त्यांना ढकललं आणि त्यांचं कपाळ पायरीच्या कडेवर आपटलं. रक्त आलं. रांग एकदम उभी राहिली, रांगेतल्या एका चांभाराने तर बसायचं स्टूल उचललं. गुरुजींनी पडल्या पडल्या हात वर केला आणि सगळ्यांना बसायची खूण केली. क्षणभर वाटलं, कुणी ऐकणार नाही. मग बाबा आधी बसले, आणि त्यांच्यामागे एकेक करून सगळे बसले. चांभाराने स्टूल खाली ठेवलं आणि त्यावरच बसला.

गवंडी धावत आला. "अरे, हे आपले गुरुजी आहेत," तो ओरडला.

गुरुजींनी डोळ्यावरचं रक्त पुसलं. "आणि मी हा शिंपी असतो, तर चाललं असतं?"

गवंड्याने ढकलणाऱ्याचा दंड धरला. तो मित्रांना घेऊन निघून गेला.

काकांनी तुरटी आणली आणि बाबांनी ती जखमेवर धरली. बाबा रागावले होते. "कोण आहात ते सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर मी सुटलो असतो. शिंपी अडकला असता."

"आणि त्यांना माफही केलं असेल. अजून कुणी मागायलासुद्धा आलं नाही."

"केलं."

"हे मला पटत नाही."

"माहीत आहे. उद्या बोलू," गुरुजी म्हणाले.

पण कात्रीकाकांनी ते रक्त पाहिलं आणि त्यांचा धीर सुटला. माझ्या दुकानापायी कुणाचं डोकं फुटायला नको, असं ते सगळ्यांना सांगत राहिले. गुरुजींनी समजावलं, बाबांनी समजावलं, त्यांनी ऐकलं नाही, दुकान बंद करायचं ठरवलं. सकाळी भंगारवाल्याची हातगाडी दारात आली. काका स्वतः गुडघ्यांवर बसून मला जमिनीला जखडणारे नट सोडवू लागले. एकेक नट निघाला. शेवटचा गंजला होता, तो काही केल्या हलेना. मी त्या एका नटावर डुगडुगत उभी होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला गंजाचे आभार मानावेसे वाटले.

तेवढ्यात गवंडी आला, एकटाच. पायरीवरच्यांनी वाट दिली. तो आत आला आणि माझ्यावर बसला. मी कलले, तसे त्याने माझे दोन्ही हात घट्ट धरले, लहानपणी दादा त्याचे धरायचा तसे.

"दाढी करायचीय," तो आरशात पाहून म्हणाला.

काकांनी पाना खाली ठेवला. हात धुतले, फेस केला, त्याच्या गालांना लावला. नियम सगळ्यांना ठाऊक होता. वस्तरा त्याच्या गळ्यावर होता आणि बोलायचा हक्क काकांचा होता. बाहेरची रांग दाराशी गोळा झाली.

"रोज सकाळी दुकान उघडताना माझे हात कापतात," काका म्हणाले. "आज वस्तरा धरलाय तर कापत नाहीत, याचं मलाच नवल वाटतंय. तुझ्या दादाला बघायला यायचं होतं मला. तुमच्या दारापर्यंत आलो होतो. आत गर्दी दिसली, तशी भीती वाटली आणि मागे फिरलो. बाकी मला काही सांगायचं नाही."

त्यांनी दाढी पुरी केली आणि टॉवेलने त्याचं तोंड टिपलं. गवंडी उठला. म्हणाला, "आता तुम्ही बसा."

मित्रांनो, इतक्या वर्षांत कात्रीकाका माझ्यावर एकदाही बसले नव्हते. ते बसले. किती हलके होते ते! गवंड्याला दाढी करता येत नव्हती. त्याने नुसता ब्रश घेतला आणि भिंतीला चुना फासावा तसा काकांच्या तोंडाला फेस फासला. दुसऱ्या वेळी मला हसू आलं असतं.

"दादाला पेला धरता येत नाही," तो म्हणाला. "दाढी तर लांबच. मी करतो म्हटलं तर नको म्हणाला, कात्रीकाका येतील. रोज म्हणायचा, येतील. तुम्ही आला नाहीत. तळ्याकाठचं कुणीच आलं नाही. तेव्हा मला वाटलं, लोक म्हणतात ते खरंच असणार."

काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि फेसात वाट काढत खाली गेलं. त्यांना बोलायचं होतं, पण नियम त्यांचाच होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग स्वतःच तोंड पुसलं, वस्तरा, ब्रश आणि तुरटी पिशवीत भरली, आणि दोघं चढाला लागले. बाबा त्यांच्यामागे उठले. गुरुजींना म्हणाले, "आज दारात मला जायला हवं." गुरुजींनी नुसता त्यांचा हात धरला आणि तेही निघाले.

त्या दिवशी पायरीवरच्या एकाचेही केस कापले गेले नाहीत, आणि एकानेही तक्रार केली नाही. भंगारवाला दुपारपर्यंत थांबला आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

गवंडी पुन्हा आला तो थापी आणि सिमेंट घेऊन. त्याने माझ्या पायाखालची जमीन खणली, नवे बोल्ट बसवले आणि सिमेंट भरून मला पक्कं केलं. ओल्या सिमेंटवर चुकून त्याचा अंगठा टेकला, तो ठसा अजून आहे. त्याचे काही मित्र पुन्हा कधीच या दुकानात आले नाहीत, हेही खरं आहे. पण दादा येत असे. गवंडी त्याच्यासमोर उकिडवा बसे आणि त्याचे भाजलेले हात आपल्या हातांत घेई.

आता कात्रीकाका नाहीत, गुरुजी आणि बाबाही नाहीत. काकांची मुलगी दुकान चालवते. माझा मुलामा उडाला आहे, गादीतून काथ्या डोकावतो, आणि खाली-वर करायचा दांडा तेल मागतो. नवीन, गरगर फिरणाऱ्या खुर्च्या आणाव्यात असं लोक तिला सुचवतात. ती माझ्या पायाशी तो ठसा दाखवते आणि विषय संपतो.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आलात तर दांड्याला थेंबभर तेल घाला. आणि ज्याच्याशी तुमचं अजिबात पटत नाही, त्यालाही एकदा घेऊन या. आधी कोणी बसायचं यावरून भांडू नका. जो जास्त रागावला असेल त्याला बोलू द्या आणि तुम्ही फेस लावून घ्या. फेस वाळायच्या आत पुसायची घाई करू नका.