नऊ रकाने आणि एक कडी

माझा नवरा विमा कंपनीसाठी सर्व्हेअरचं काम करतो. कुठे घरफोडी झाली की हा जातो, खिडकीचे गज मोजतो, काच आत पडली की बाहेर ते बघतो आणि घरमालकाच्या रडण्याला टक्केवारी लावतो. मी कुलपं उघडते. बाबांचा धंदा. खरं तर तो भावाकडे जायला हवा होता, पण भावाला किल्ली कुठल्या बाजूने घालायची तेच कळत नव्हतं. आमचं लग्न ठरलं तेव्हा मोठी नणंद म्हणाली होती, जोडा शोभतोय, फक्त यांच्याकडचं कुणी जेवून गेलं की चमचे मोजून घ्या.

आठ महिन्यांपूर्वीपर्यंत मीही हा विनोद सगळ्यांना सांगायचे. मग एका दुपारी आमच्याच घरी चोर आले.

नवरा अंगात कणकण म्हणून रजेवर होता आणि नेमका अंघोळीला गेला होता. चोरांनी बाथरूमला बाहेरून कडी घातली आणि निवांतपणे घर साफ केलं. हा तीन तास आतून ओरडत होता. वरती माणसं, खालती माणसं, शेजारी तर पाच जणांचं कुटुंब, सगळे घरात. नंतर विचारलं तर शेजारीण म्हणते, "आम्हाला वाटलं तुमचं दोघांचं काहीतरी बिनसलंय. मध्ये कशाला पडा." मी घरी पोचले तोवर त्याचा आवाज बसला होता. तो नुसता दारावर थापटत होता, तेही हळू.

तेव्हापासून हा बाथरूमचं दार लावत नाही. दार सताड उघडं आणि बाहेर स्टुलावर मी, रोज सकाळी. डोळ्यांत साबण गेला की विचारतो, "आहेस ना?" मी म्हणते, "नाही, पळून गेले." मग पुढचं पाणी अंगावर घेतो. हा माणूस पूर्वी अंघोळ करताना असा भसाडा गायचा की मी दार बडवून त्याला गप्प करायचे. गेलेला टीव्ही मला नको होता. तो गाणारा नवरा मला परत हवा होता.

अशात त्याची बदली झाली. देवाने ऐकलं म्हणायचं तर साहेबाने ऐकलं असं म्हणावं लागेल, आणि साहेबाला तेवढा मान द्यायची माझी तयारी नाही. असो. नवं शहर, ऑफिसच्या गेस्टहाऊसमध्ये दोन आठवडे राहायची सोय, आणि तेवढ्यात घर शोधायचं. नवऱ्याला एकच गोष्ट हवी होती, सुरक्षित उपनगर. त्यासाठी त्याने तक्ता केला. सात उपनगरं आणि नऊ रकाने. वर्षभरातल्या पोलीस तक्रारी, कॅमेरे, पहारेकरी, कुंपणाची उंची, दिव्यांमधलं अंतर. मी म्हटलं, "माणसं कशी आहेत त्याचा रकाना?" तो म्हणाला, "माणसं मोजता येत नाहीत."

पहिला नंबर आला त्या उपनगरात आम्ही शनिवारी गेलो. वर्षभरात तक्रारी शून्य. रस्ते असे स्वच्छ की चप्पल काढून चालावंसं वाटलं. एजंट तासभर उशिरा येणार होता, ऊन रणरणत होतं आणि घराला कुलूप. मी पिशवीतून कुलूप उघडायचे आकडे काढले.

"अगं, काय करतेस?" नवरा म्हणाला.

"धंदा," मी म्हटलं.

चाळीस सेकंदांत कुलूप उघडलं. मुद्दाम घाई केली नाही, उलट एकदा आकडा खाली पाडला, चांगला खणखणीत. कुत्रा घेऊन चाललेला एक गृहस्थ थबकला, आमच्याकडे बघितलं आणि पलीकडच्या फुटपाथवर गेला. समोरच्या बाल्कनीतल्या बाईने आत जाऊन पडदा ओढला. कोपऱ्यावरचा पहारेकरी वही गुडघ्यावर ठेवून बसला होता, तो तसाच बसून राहिला. आम्ही आत जाऊन अर्धा तास पंख्याखाली बसलो. एजंट आला, आम्हाला आत बघून जरासुद्धा चकित झाला नाही आणि म्हणाला, "बघितलंत, किती शांत आहे?"

परत येताना मी विचारलं, "तक्रारी शून्य का आहेत ते कळलं का तुला? तक्रार करायला आधी कुणीतरी बघावं लागतं."

"तू चोर नव्हतीस, म्हणून कुणी काही बोललं नाही."

"माझ्या कपाळावर लिहिलंय तसं?"

त्याने तक्ता उघडून पुन्हा एकदा बघितला. पण सोमवारी सही करायची असं त्याने एजंटला सांगून टाकलं होतं. मी चिडले. ह्याला शांतता म्हणजे सुरक्षा वाटत होती आणि ते खोटं आहे हे त्याच्याइतकं सोसलेलं दुसरं कुणी नव्हतं. पण घाबरलेल्या माणसाला हे तोंडावर कसं सांगायचं? मी म्हटलं, ठीक आहे, सोमवारी सही. पण रविवारी माझ्या पसंतीचं एक घर बघायचं, तक्त्यातलं सगळ्यात शेवटचं.

"एक्केचाळीस तक्रारी आहेत तिथे," तो म्हणाला.

"म्हणूनच."

सातव्या नंबरचं उपनगर म्हणजे नुसता गलका. दोन मजली जुन्या इमारती, जिन्यात सायकली, दोऱ्यांवर कपडे. घरमालक किल्ली आणायला गेला होता. नवरा म्हणाला, मी तोवर जरा बाहेरून बघतो. मी समोरच्या शिंप्याच्या दुकानात जाऊन उभी राहिले. दुकानाचा एक कोपरा भाड्याने द्यायचा होता आणि माझ्या किल्ल्यांना तेवढी जागा पुरली असती. शिंपीकाकांनी मशीन न थांबवता माझी चौकशी केली. कोण, कुठली, माहेरचे काय करतात, मूल का नाही. मी म्हटलं, बघू. ते म्हणाले, बघू म्हणजे कधी बघू? दहा मिनिटांत त्यांना माझ्याबद्दल माझ्या सासूबाईंपेक्षा जास्त माहिती झाली. मला वैताग आला होता, खोटं कशाला सांगू.

इकडे आमचे साहेब "बाहेरून बघत" होते. म्हणजे काय, तर खिशातून टेप काढून परक्या माणसाच्या तळमजल्याच्या खिडकीचे गज मोजत होते. मग एकेक गज हलवून बघितला. मग कडीचा फोटो काढला. ही त्याची सवय. आमच्या साखरपुड्यालासुद्धा त्याने हॉलच्या मागच्या दाराची बिजागरी तपासली होती. खिडकी मोजून झाल्यावर तो जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत शिरला, आतली तारांची जोडणी बघायला. ती खिडकी एका निवृत्त मुख्याध्यापिकेची होती. गल्लीत सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. मोठ्या बाई पडद्यामागून हे सगळं बघत होत्या. त्या शांतपणे बाहेर आल्या आणि मीटरच्या खोलीला त्यांनी बाहेरून कडी घातली.

मला शिंप्याच्या दुकानात उभ्या उभ्या ते ओरडणं ऐकू आलं. पहिल्या क्षणी आवाज ओळखू आला नाही, कारण तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. त्या दुपारी मी उशिरा पोचले होते. मग कळलं. आठ महिने स्टुलावर बसून जेवढं काही जमवलं होतं ते सगळं गेलं, असं वाटलं.

मी धावले. पण शिंपीकाका साठीचे असून माझ्या पुढे गेले, हातात कापड मोजायची लोखंडी पट्टी. मी रस्ता ओलांडेपर्यंत जिन्याखाली अकरा माणसं जमली होती. एकाच्या हातात गरम इस्त्री होती, एका बाईच्या हातात झाडू, एका आजोबांनी नुसतीच बाही वर सारली होती.

"बाजूला व्हा, तो माझा नवरा आहे," मी म्हटलं.

"असेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "नवरे चोर नसतात असं कुणी सांगितलं?"

"विम्याचा माणूस आहे तो. गज मोजायची सवय आहे त्याला."

"हिची मी खातरी करून घेतली आहे," शिंपीकाका मध्ये पडले. "माहेरचे कुलूपवाले आहेत. माणसं बरी दिसतात." माझा सगळा वैताग मी तिथल्या तिथे गिळला.

मोठ्या बाईंनी कडी काढली. नवरा दारात उभा राहिला, घामाने थबथबलेला, ओठ पांढरे. मी त्याचा हात धरला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्या अकरा जणांकडे तो एकेक करून बघत होता. इस्त्री, झाडू, लोखंडी पट्टी.

"मी किती वेळ आत होतो?" त्याने विचारलं.

"दीड मिनिट," मोठ्या बाई म्हणाल्या. "दोन म्हणा. माझी भाजी गॅसवर आहे."

"आणि तुम्ही सगळे कधी आलात?"

"तू पहिल्यांदा बोंबललास तेव्हाच की," इस्त्रीवाला म्हणाला. "झोडायला आलो होतो."

नवरा खाली पायरीवर बसला. मग हसायला लागला, आणि हसता हसता रडायला लागला. भर दुपारी, परक्या माणसांसमोर, लहान पोरासारखा. मीही रडले, त्यात लपवायचं काय. "झोडायला का होईना," तो मला म्हणाला, "आले ना गं."

कुणाला काही कळलं नाही. आजोबांनी बाही खाली घेतली. मोठ्या बाईंनी पाणी आणून दिलं आणि गज ढिला आहे का ते विचारलं. डावीकडून तिसरा ढिला आहे, असं नवऱ्याने नाक पुसत सांगितलं. मग मी त्या एक्केचाळीस तक्रारींचं विचारलं. "त्यातल्या एकोणतीस माझ्या," मोठ्या बाई म्हणाल्या. "दर पंधरवड्याला किमान एक तरी देतेच. पोलीस ओळखतात मला, घाबरतात थोडेसे."

सोमवारी नवऱ्याने एजंटला फोन करून नाही सांगितलं. बुधवारी आम्ही मोठ्या बाईंच्या वरच्या घरात सामान हलवलं. सामानातल्या प्रत्येक खोक्यात काय आहे ते शिंपीकाकांनी विचारलं, आणि दोन खोक्यांत काय आहे ते त्यांनी मला सांगितलं.

गुरुवारी सकाळी मी सवयीने स्टूल उचललं आणि बाथरूमबाहेर ठेवलं. नवरा आत गेला. दार अर्धं ओढलं. मग दार पूर्ण लागलं आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला. कुलपांत जन्म गेला माझा, पण कडीचा तसला आवाज मी आधी ऐकला नव्हता. मी स्टुलावर बसून राहिले, कारण उठायचं सुचेना. आत पाणी पडायला लागलं. पाचेक मिनिटांनी एक भसाडा सूर आला, बिचकत, मग चांगला मोठ्याने.

आणि मग हाक आली, "अगं, टॉवेल राहिला."

मी डोळे पुसून उठेपर्यंत खालून मोठ्या बाईंचा आवाज आला, "कोण ओरडतंय रे वर? येऊ का?"

"नको, नको," नवरा आतून म्हणाला. "टॉवेल राहिलाय फक्त."